धनुर्धर इशी

मागील वर्षी एकलव्याची कथा शिकवीत असता नववीतील एका विद्यार्थ्याने मला मध्येच थांबविले. धनुष्यबाणाने शिकार करून खरोखर पोट भरणारा मनुष्य आपल्या जवळच्या काळात कोणी झाला काय, आणि झाला असल्यास तो शिकारीस कसा जात असे, असा त्याचा प्रश्न होता. पुराणांतील धनुर्धरांची नावे मला पाठ होती. परंतु या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी देता आले नाही. पुढे सुट्टीत वाचन करीत असता उत्तर अमेरिकेतील एका मनुष्याची ओळख झाली. त्याचेच चरित्र त्या विद्यार्थ्यासाठी आणि त्याच्या सोबत्यांसाठी येथे सांगत आहे.

या मनुष्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नाही. आपले नाव आपल्याच तोंडाने परक्यास सांगणे त्याच्या समाजात शिष्टसंमत नव्हते. आणि ते सांगू शकेल असे दुसरे माणूस उरले नव्हते. वृत्तपत्रांना मात्र काहीतरी नाव हवे होते. म्हणून आल्फ्रेड क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला इशी म्हणण्यास आरंभ केला. इशी या शब्दाचा त्याच्या भाषेतील अर्थ मनुष्य, एवढाच आहे.

कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात लासेन नावाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावरून मिल क्रीक आणि डिअर क्रीक हे दोन ओढे खोल दऱ्या कोरीत सॅक्रामेंटो नदीस मिळतात. या दऱ्यांतून याही नावाचे लोक राहत असत. याना जमातीची ही दक्षिणेकडील शाखा होय. ओक वृक्षाची फळे कुटून केलेली लापशी, ओढ्यातील साल्मन मासे आणि हरणाचे मांस हा त्यांचा आहार होता. इशीचा जन्म १८६० च्या सुमारास या लोकांत झाला.

त्याच्या जन्मापूर्वीच त्याच्या लोकांवर संकट कोसळले होते. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढील वर्षी देशोदेशींच्या माणसांचा लोंढा तेथे आला. खाणींच्या गाळाने ओढे भरले, मासे कमी झाले. वसाहतवाल्यांच्या गुरांनी कुरणे व्यापली, हरणे दूर गेली. भुकेलेले याही मग एखादे गुरू मारीत. त्या एका गुराच्या बदल्यात माणसे मारली जात. १८७१ च्या सुमारास जखमी बैलाच्या रक्ताचा माग काढीत चार गोरे गुराखी कुत्र्यांसह निघाले. तो माग त्यांना एका गुहेपर्यंत घेऊन गेला. गुहेत सुमारे ३० याही होते आणि त्यांत लहान मुलेही होती. त्या दिवशी गुहेत काय घडले याचा अधिक तपशील शाळेच्या अंकात लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. एवढेच सांगतो की, शिकारीत जनावराचा माग जसा काढतात, त्याच रीतीने येथे माणसांचा माग काढला गेला. आणि तो काढणाऱ्यांना कोणी रानटी म्हटले नाही.

उरलेले मूठभर याही दऱ्यांत दडून बसले. पुढील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी जगास आपला पत्ता लागू दिला नाही. चालताना मातीत पाऊल उमटू नये म्हणून ते दगडांवरून उड्या टाकीत जात. विस्तव लहान ठेवीत, धूर वर चढू देत नसत. अशा लोकांना बंदूक मिळाली असती तरी तिचा काय उपयोग? एका बाराचा आवाज दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमला असता आणि शत्रू दाराशी आला असता. धनुष्य मात्र बोलत नाही. इशीचे धनुष्य हे त्याचे अन्न मिळविण्याचे साधन होते, तसे ते त्याचे मौनही होते.

१९०८ च्या नोव्हेंबरात हे मौन मोडले. एका वीज कंपनीसाठी डिअर क्रीकची मोजणी करणारे लोक अचानक त्यांच्या वस्तीवर येऊन थडकले. त्या वेळी तेथे चारच माणसे उरली होती. एक वृद्ध पुरुष आणि एक स्त्री पळून गेली. ती दोघे पुन्हा कधीच कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत. ती स्त्री बहुधा इशीची बहीण असावी. चालता न येणारी त्याची वृद्ध आई पांघरुणात गुंडाळलेल्या स्थितीत तेथेच सापडली. तिला त्यांनी इजा केली नाही. परंतु जाताना वस्तीतील धनुष्ये, बाण, टोपल्या, कातड्याची पांघरुणे, इतकेच नव्हे तर शिजविण्याची साधनेही त्यांनी आठवण म्हणून उचलून नेली. हिवाळा तोंडावर आला असता एखाद्या कुटुंबाचे सर्वस्व कुतूहलाची वस्तू म्हणून उचलावे, यात त्यांना काही वावगे वाटले नसावे. आई त्यानंतर थोड्याच दिवसांत वारली. पुढील जवळजवळ तीन वर्षे इशी त्या रानात एकटा होता.

१९११ च्या ऑगस्ट महिन्याची २९ तारीख. ओरोव्हिल गावाबाहेरील कत्तलखान्याशी पहाटे कुत्री भुंकू लागली. कामगारांनी बाहेर येऊन पाहिले, तो कुंपणाशी एक अत्यंत कृश मनुष्य दबून बसलेला. आप्तांच्या शोकात त्याने डोक्यावरचे केस जाळून आखूड केले होते. त्याची भाषा कोणास समजेना. गावच्या शेरीफने त्याला तुरुंगात ठेवले, ते शिक्षा म्हणून नव्हे. गर्दीपासून त्याला वाचविण्यास दुसरी जागा नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत अखेरचा रानटी इंडियन सापडल्याच्या ठळक वार्ता आल्या आणि त्याला पाहण्यास लोकांची रीघ लागली.

टी. टी. वॉटरमन नावाचे तरुण प्राध्यापक याना भाषेच्या उत्तरेकडील बोलींतील शब्दांची यादी घेऊन तेथे आले. कोठडीत इशीजवळ बसून ते एकेक शब्द उच्चारू लागले. कितीतरी शब्द वाया गेले. शेवटी खाटेच्या लाकडी चौकटीवर बोट आपटून त्यांनी पिवळ्या देवदाराचा वाचक शब्द उच्चारला, तो होता सिविनी. इशीचा चेहरा उजळला. तोही चौकट ठोकून तोच शब्द पुनःपुन्हा म्हणू लागला. आपल्या भाषेतील एक शब्द परक्या मुखातून ऐकण्याचे सुख काय असते, हे ज्यांच्या घरची बोली एक आणि शाळेची भाषा दुसरी आहे त्या आम्हा गोवेकरांना थोडे तरी कळेल. अर्थात आमच्या बोली बोलणारे लाखो आहेत. इशीची बोलणारा तो एकटा होता.

वॉटरमननी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला आणले. तेथे विद्यापीठाच्या संग्रहालयातच त्याचे राहणे ठरले. झाडलोट आणि किरकोळ कामे यांबद्दल त्याला महिना २५ डॉलर वेतन मिळू लागले. रविवारी दुपारी तो प्रेक्षकांसमोर बसून बाणाची टोके घडवी व काड्या घासून अग्नी पाडून दाखवी. त्याला रंगमंचावर उभा करून पैसे मिळविण्याचे प्रस्ताव घेऊन खेळवाले आले. क्रोबर यांनी त्यांना परत पाठविले. हे त्यांनी चांगले केले. परंतु संग्रहालयातील रविवार आणि रंगमंचावरील खेळ यांत अंतर किती, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. क्रोबर आणि वॉटरमन हे त्याचे स्नेही होते यात संशय नाही, आणि त्याला परत जाण्यास घरही उरले नव्हते. तरीही जिवंत माणसाने काचेच्या कपाटांच्या शेजारी राहावे, ही गोष्ट खटकतेच.

या संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय होते. १९१२ साली तेथे सॅक्स्टन पोप नावाचे शस्त्रवैद्य अध्यापक म्हणून आले. इशीची प्रकृती पाहण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यातून मैत्री जडली. वैद्याला तो आपल्या भाषेत कुवी म्हणे. पोप यांना इशीच्या धनुष्याने असे वेड लावले की, हा शिकलेला डॉक्टर त्या निरक्षर मनुष्याचा रीतसर शिष्य बनला.

इशीची विद्या काय होती हे पोप यांनी बारकाईने लिहून ठेवले आहे, म्हणूनच ती आज आपणास कळते. धनुष्य पहाडी जुनिपरच्या लाकडाचे, सुमारे साडेतीन फूट लांब. त्याच्या पाठीवर हरणाच्या कंडरा साल्मनच्या कातडीपासून केलेल्या सरसाने चिकटविलेल्या असत. प्रत्यंचाही कंडरेचीच. हेझलच्या झुडपाच्या सरळ काड्यांचे बाण, त्यांना पक्ष्यांची पिसे, आणि टोकाला ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीतून निघालेली काळी काच. हे टोक घडविण्यास तो हरणाच्या शिंगाचा अणकुचीदार तुकडा वापरी व दाब देऊन एकेक कपची उडवी. शहरात आल्यावर औषधांच्या निळ्या बाटल्यांच्या काचेतूनही त्याने सुंदर टोके काढली. पोप यांनी पेटीत जनावराचे यकृत व कातडे ठेवून त्यावर बाण मारून पाहिले. दगडी टोक पोलादी टोकापेक्षा अधिक खोल गेले. काम नसता धनुष्य आडवे ठेवावे, उभे ठेवू नये, असा इशीचा नियम असे. उभे धनुष्य राबत राहते, त्याला घाम येतो व ते दुबळे होते, अशी त्याची समजूत होती.

प्रत्यंचा तो अंगठ्याने ओढीत असे. इंग्रज धनुर्धर ती तीन बोटांनी ओढतात, म्हणून पोप यांना या रीतीचे नवल वाटले. आपणास वाटण्याचे कारण नाही. अंगठा कापून देताना एकलव्याचे काय गेले, हे इशीला कोणी समजावून सांगावे लागले नसते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखूही ओढत नसे. पहाटे उठून ओढ्यात स्नान करी, तोंड खळखळून धुई, सुगंधी पाला अंगास चोळी आणि काही न खाता निघे. हरणाला माणसाचा वास दुरून येतो, म्हणून हा सारा खटाटोप. तो अंगात कपडे घालीत नसे. कपडा झुडपात अडकून आवाज करतो हे एक कारण. आणि उघड्या अंगाने चालणारा मनुष्य आपोआप जपून चालतो, हे दुसरे. मग हरणांच्या वाटेशी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस दबा धरून बसायचे. कधी हरणाचे पेंढा भरलेले डोके स्वतःच्या डोक्यावर धरून झुडपाआडून ते हळूच वरखाली करायचे, म्हणजे हरिण कुतूहलाने आपण होऊन जवळ येते. सशाला बोलावण्यास तो बोटे ओठांशी नेऊन संकटात सापडलेल्या पिलासारखा आवाज काढी. जनावर अगदी जवळ आल्यावाचून बाण सोडायचा नाही. तो उकिडवा बसूनच बाण मारी.

बागेत दूरचे वर्तुळाकार लक्ष्य ठेवून पोप नेम धरीत, तेव्हा पुष्कळदा गुरूपेक्षा शिष्याचेच बाण चांगले लागत. इशीला त्या खेळात रस नव्हता. त्या लक्ष्याला ना कान, ना नाक, ना पाय. त्याला फसवायचे काय आणि त्याच्या जवळ जायचे कसे? रानात मात्र त्याची बरोबरी पोप यांना कधीच साधली नाही. इशीच्या मते बाण सोडणे हा शिकारीतील शेवटचा आणि सर्वांत लहान भाग होता.

येथे मला दशरथ राजाची आठवण होते. शब्दवेधी बाण मारण्याचा त्याला गर्व होता. पाण्यात घडा बुडल्याचा आवाज त्याने ऐकला, न पाहता बाण सोडला आणि श्रावणबाळ पडला. त्याच्या कौशल्यात उणीव नव्हती. उणीव कशात होती, हे इशीचे वागणे वाचताना मला अधिक स्पष्ट झाले.

१९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा लहान मुलगा हे इशीला घेऊन डिअर क्रीकच्या दरीत गेले. प्रथम तो येण्यास राजी नव्हता. तेथे आपली माणसे मेली होती. त्या जागी पुन्हा पाय ठेवणे त्याला नको होते. तथापि एकदा गेल्यावर त्याने ओढे, गुहा, पाऊलवाटा सारे दाखविले, पोहण्याचे व शिकारीचे प्रकार करून दाखविले. परत शहरात येण्यास तोच सर्वांत उत्सुक होता, असे सांगतात. त्या रानात त्याचे कोणी राहिले नव्हते.

शहरातील माणसांच्या संसर्गाने त्याला क्षय झाला. शेवटचे दिवस त्याला संग्रहालयातील एका ऊन येणाऱ्या दालनात ठेवले होते. पोप यांनी त्याची शुश्रूषा केली. १९१६ च्या मार्चच्या २५ तारखेस दुपारी त्याचा अंत झाला.

यापुढील गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. रुग्णालयात मृतांची चिरफाड होताना इशीने पाहिली होती, आणि मृतदेहास अखंड ठेवून लवकर अग्नी द्यावा हा त्याच्या लोकांचा धर्म होता. त्या वेळी क्रोबर न्यूयॉर्कला होते. शवविच्छेदन होऊ देऊ नये, असे त्यांनी पत्राने कळविले. पण पत्र पोहोचण्यापूर्वी ते उरकले होते. पोप त्या वेळी उपस्थित होते. मेंदू वेगळा काढून ठेवण्यात आला. नंतर चितेवर त्याच्याबरोबर त्याचे धनुष्य, पाच बाण, ओकच्या पिठाची टोपली, शंखमण्यांचे नाणे, तंबाखू आणि ऑब्सिडियनच्या कपच्या ठेवल्या. वरून पाहता सर्व विधी यथासांग झाला. परंतु तो मेंदू पुढे १९१७ साली क्रोबर यांनीच वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस पाठविला. ज्यांनी त्याला खेळवाल्यांपासून वाचविले, ज्यांनी त्याच्या पायाशी बसून विद्या घेतली, त्यांनाही मृत इशी आणि संग्रहातील वस्तू यांतील भेद शेवटपर्यंत सांभाळता आला नाही.

पोप यांनी घेतलेली विद्या मात्र वाया गेली नाही. ती फारच दूर गेली. आर्थर यंग हे त्यांचे सहकारी. १९२० साली कॅलिफोर्निया विज्ञान अकादमीच्या संग्रहालयासाठी या दोघांनी यलोस्टोन भागात विशेष परवान्याने ग्रिझली अस्वले बाणांनी मारली. १९२३ साली पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक निघाले, आणि त्यामुळे अमेरिकेतील हजारो लोक या छंदाकडे वळले. १९२५ साली ते सिंहाच्या शिकारीसाठी आफ्रिकेत गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. बंदुकीने जनावरांचा अमर्याद संहार होतो, धनुर्धराला मात्र जवळ जावे लागते म्हणून जनावराला निसटण्याची संधी असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो खोटा नाही. पण त्यांच्या पाठीशी बंदूकधारी सोबती असत, आणि आफ्रिकेत जखमी सिंहांना गोळीनेच संपविण्याची वेळ अनेकदा आली. पोप यांनी ही गोष्ट लपविली नाही. चुकलेले बाणही त्यांनी लिहून ठेवले. या प्रामाणिकपणामुळे त्यांच्याविषयी माझा आदर टिकून राहतो. तथापि ज्याचे मांस आपण खाणार नाही आणि ज्याची कोणी तक्रार केलेली नाही, अशा सिंहाच्या मागे समुद्र ओलांडून जाण्यात इशीची विद्या किती आणि इशी किती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

धनुर्धरांचा हा समाज वाढला तशी लोकांत कुजबुजही वाढली. बाण हे खेळणे आहे, त्याने जनावर मरत नाही, नुसते घायाळ होऊन रानात तडफडते, असा बंदूकवाल्यांचा व अनेक अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली बाणाने हरिण मारण्यास प्रथम स्वतंत्र हंगाम दिला, तोही राज्याच्या लहानशा भागात. लोकमत सुधारावे आणि स्वतःच्या लोकांवर बंधन राहावे, या दुहेरी हेतूने १९६१ साली पोप व यंग यांच्या नावाची संस्था स्थापन झाली. कुंपणात कोंडलेले जनावर मारू नये, वाहनातून पाठलाग करून मारू नये, खोल बर्फात वा पाण्यात असहाय झालेले मारू नये, असे तिचे नियम आहेत. ते पाळल्याचे प्रतिज्ञापत्र दिल्यावरच शिकाऱ्याची नोंद तिच्या वहीत होते. नियम उत्तम आहेत. मात्र त्या वहीत नोंद होते ती शिंगांच्या आणि कवट्यांच्या मापांची. आपल्या हरणांची शिंगे इशीने कधी मोजली असतील असे वाटत नाही. त्यांची टोके बाणाची पाती घडविण्यास कामास येत, हे मात्र निश्चित. आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीस मनाई केली आहे, तेव्हा तो विद्यार्थी बाण घेऊन रानात जाणार नाही, याविषयी मी निश्चिंत आहे.

इशीचा मेंदू कोठे आहे हे पुढे अनेक वर्षे लोकांच्या विस्मरणात गेले होते. कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांनी त्याचे अवशेष परत मिळविण्याची खटपट आरंभिली, तेव्हा १९९९ साली तो स्मिथसोनियनच्या एका भांडारात असल्याचे उघड झाले. याही कोणी उरले नव्हते. पण याना वंशाचे रक्त ज्यांच्यात आहे अशी माणसे रेडिंग व पिट रिव्हर येथील वसाहतींत होती. २००० साली मेंदू आणि अस्थिकलश दोन्ही त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. लासेन पर्वताच्या परिसरात त्यांनी आपल्या रीतीने ते एकत्र पुरले. कोणी पाहण्यास येऊ नये म्हणून ती जागा त्यांनी कोणास सांगितलेली नाही.